सगळ्या चुका एकदाच सांगा हो!

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग पाहुणे, मग नुसताच आळस... असो. आज लिहायला बसले ती राग आला म्हणून. तेव्हा मंडळी, आज प्रवासवर्णन नाही की जुन्या शाळेच्या आठवणी नाहीत. आज भांडण आहे.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या एक बाई हातात कागद घेऊन आल्या. "बाई, तुम्ही यातून गेलायत, जरा बघता का?" त्यांना घरामागे एक खोली वाढवायची आहे. नगरपरिषदेत नकाशा देऊन दोन महिने झाले, तेव्हा कुठे हे त्रुटीपत्र आलं. पत्रात एकच मुद्दा : नकाशावर उत्तर दिशा दर्शविलेली नाही, पूर्तता करावी.

मी त्यांना सांगितलं, "इंजिनियरकडून बाण काढून घ्या आणि देऊन या. पण हे पहिलं पत्र आहे. अजून येतील."

"अजून? मग सगळं एकदम का नाही सांगत?"

त्यांचा हा प्रश्न मी वर्षभर विचारत होते. उत्तर मिळालं, पण पटलं नाही. म्हणून हा लेख.

आमची हकीकत नातेवाइकांना तुकड्या-तुकड्यांनी ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचं घर सासऱ्यांनी बांधलेलं, चार गुंठ्यांत, खाली तीन खोल्या, वर दोन. संडास-न्हाणीघर मागच्या अंगणात. पडवीच्या तीन पायऱ्या उतरायच्या आणि दहा-बारा पावलं चालायचं. चाळीस वर्षं त्याचं काही वाटलं नाही. मे २०२३ मध्ये यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवी बाजू ठीक, डावा पाय मात्र ओढत चालू लागले. डॉक्टरांनी सांगितलं, पायऱ्या बंद. म्हणून ठरवलं की मागची पडवी बंदिस्त करून तिथेच कमोड आणि न्हाणीघर करायचं, आतल्या खोलीतून भिंत फोडून दार काढायचं आणि पायऱ्यांच्या जागी उतार करायचा.

घराच्या आतलं, बाहेरचं रूप फारसं न बदलणारं काम असेल तर नगररचना कायद्याप्रमाणे परवानगी लागत नाही. आमचं काम मात्र पडवी घरात घेणारं, म्हणजे बांधकामाचं क्षेत्र वाढणार. परवानगी हवीच. ओळखीच्या सगळ्यांचा सल्ला एकच होता : "कशाला विचारताय? सुट्टीचे आठ दिवस बघा आणि बांधून टाका." आमच्याच गल्लीत एकाने दिवाळीच्या सुट्टीत असंच केलं. आज त्याच्या गच्चीवर खोली उभी आहे.

मी ऐकलं नाही. तेहतीस वर्षं वर्गात उभं राहून 'नियम पाळा' म्हणून सांगितलंय. आता न्हाणीघरासाठी चोरून गवंडी बोलवायचा? मनाला पटेना. हा माझा ताठा म्हणा हवं तर. त्याची किंमत कोणी दिली ते पुढे येईलच.

अर्ज दिला २१ ऑगस्ट २०२३ ला. अर्ज ऑनलाइन, शिवाय छापील प्रतीही द्यायच्या. मी रोजनिशी लिहिते, त्यामुळे पुढच्या तारखा सगळ्या जवळ आहेत.

पहिलं त्रुटीपत्र १६ ऑक्टोबरला, ५६व्या दिवशी आलं. नवीन बांधकाम लाल रंगात आणि पाडायचा भाग पिवळ्या रंगात दाखवलेला नाही, उत्तर दिशा नाही. चूक आमच्या इंजिनियरची. १४ दिवसांत दुरुस्त करून ३० ऑक्टोबरला दिलं.

दुसरं पत्र २२ डिसेंबरला, ५३व्या दिवशी. जोडलेला मालमत्ता पत्रकाचा उतारा जुना आहे, त्यावर मयत व्यक्तीचं नाव आहे, वारसनोंदीनंतरचा उतारा जोडा. चूक माझी. नोंद कधीच झालेली होती, पण मी कपाटातली जुनी प्रत दिली होती. नवा उतारा काढून ८ जानेवारी २०२४ ला दिला.

तिसरं पत्र १ मार्चला, पुन्हा ५३व्या दिवशी. मागचं सामासिक अंतर कुंपणाच्या भिंतीच्या मध्यापासून मोजलं आहे, ते हद्दीपासून मोजा. आणि जी भिंत फोडून दार काढणार तिच्यावर वरच्या मजल्याची भिंत उभी आहे, तेव्हा संरचना अभियंत्याचा दाखला आणि तुळईचा तपशील द्या. २१ दिवस लागले, २२ मार्चला दिलं.

चौथं पत्र १७ मेला, ५६व्या दिवशी. सोबत जोडलेला कराची थकबाकी नसल्याचा दाखला २०२३-२४ चा आहे, चालू वर्षाचा जोडा. हे वाचून मी हसले की रडले ते आठवत नाही. अर्ज दिला त्या दिवशी दाखला चालूच वर्षाचा होता! तो जुना झाला, कारण त्यांच्या टेबलावर ३१ मार्च उलटून गेला. नवीन कर भरला, दाखला घेतला, ३ जूनला दिला.

परवानगी मिळाली २९ जुलै २०२४ ला.

आता हिशेब. एकूण ३४३ दिवस. त्यातले आमच्याकडे ६९ आणि कार्यालयाकडे २७४. पण गंमत पुढेच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, त्याचं कलम ४५. त्यात म्हटलंय की नियोजन प्राधिकरणाने साठ दिवसांत निर्णय कळवला नाही आणि प्रस्ताव नियमांत बसणारा असेल, तर परवानगी मिळाली असं मानायचं. वाचून किती बरं वाटतं! पण साठ दिवस कुठून मोजायचे? अर्जाच्या तारखेपासून किंवा त्यांनी मागितलेल्या माहितीला आपण उत्तर दिलं त्या तारखेपासून, यांतली जी नंतरची असेल तिथून. म्हणजे प्रत्येक त्रुटीपत्रानंतर घड्याळ पुन्हा शून्यावर. ५६, ५३, ५३, ५६ आणि शेवटचे पुन्हा ५६. एकदाही साठ ओलांडले नाहीत! कायद्याच्या दृष्टीने ते कार्यालय माझ्या बाबतीत एक दिवसही उशिरा आलेलं नाही. लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदा आहे, त्यात प्रथम अपील, द्वितीय अपील, वर आयोगही आहे. पण मुदत चुकलीच नाही म्हटल्यावर अपील कशाचं करणार? साहेब अगदी अदबीने म्हणाले, "बाई, आम्ही मुदतीतच आहोत."

खरंच होते की!

मी मराठी शिकवत असे. एकेका वर्गात साठ-साठ मुलं आणि निबंधाच्या वह्या. समजा, एखाद्याच्या वहीत पहिल्या ओळीत 'आणी' दिसलं. मी तेवढ्यावर लाल खूण केली आणि वही परत दिली. तो 'आणि' करून आला. मग दुसऱ्या ओळीतल्या 'पाणि'वर खूण करून पुन्हा परत. असं करत जूनमधला निबंध मार्चमध्ये तपासून झाला असता. मुख्याध्यापकांनी मला दुसऱ्याच आठवड्यात बोलावून घेतलं असतं, आणि पालकांनी त्याच्या आधी. वही तपासणं म्हणजे ती शेवटपर्यंत वाचणं. मास्तरकीतलं हे पहिलं कर्तव्य, त्याला डीएड-बीएड लागत नाही.

आणि मोठी चूक आधी दाखवायची असते. मुलाने विषयच चुकीचा समजून घेतला असेल तर वेलांटीचं नंतर बघू. आमच्या फायलीत काय झालं बघा. वरच्या मजल्याची भिंत डोक्यावर कोसळू शकते, ही गोष्ट कळली तिसऱ्या पत्रात, अर्ज दिल्यावर सहा महिन्यांनी. आणि उत्तर दिशेचा बाण पहिल्या पत्रात. मी त्यांना दोष देते तो नियमांसाठी नव्हे. तुळईचा आक्षेप शंभर टक्के बरोबर होता. संरचना अभियंता आला, त्याने भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, तुळईशिवाय हात लावू नका. ज्याने तो आक्षेप काढला त्याला मी आजही मनातून धन्यवाद देते. पण तो ऑगस्टमध्ये नकाशा बघून कळत नव्हता का? नकाशा तोच, भिंत तीच.

यात कोणी मुद्दाम अडवत होतं का? पैशासाठी? मलाही तसं वाटायचं. पण माझ्याकडे कोणी पैसे मागितले नाहीत, म्हणून तो आरोप मी करणार नाही. मी दुसरं केलं. १० जून २०२४ ला माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आणि मागितली माझ्याच फायलीवरची टिपणी. १९ पानं मिळाली, दोन रुपये पानाप्रमाणे ३८ रुपये. तेहतीस वर्षांच्या नोकरीत वाचलं नसेल इतक्या बारकाईने ती पानं वाचली.

तर फायलीचा प्रवास असा. पहिल्या टेबलावर फक्त नकाशाची मांडणी बघतात. तिथे चूक निघाली की पत्र. पूर्तता झाली की फाइल दुसऱ्या टेबलावर, तिथे फक्त मालकीचे कागद. मग तिसऱ्यावर अभियंता अंतरं आणि बांधकाम बघणार. मग कर आणि शुल्क. पुढच्या टेबलावरचा माणूस आधीच्याचं 'ठीक आहे' आल्याशिवाय फाइल उघडतच नाही. आणि प्रत्येक टेबलावर ढीग. प्रत्यक्ष वाचायला एखादा दिवस, बाकी सगळे दिवस ढिगात. संपूर्ण फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका बैठकीत वाचलेला माणूस त्या १९ पानांत मला सापडला नाही.

म्हणजे कोणीच वाईट नाही आणि तरी ३४३ दिवस! मला तर हे लाचेपेक्षा अवघड वाटतं. लाच मागणाऱ्याला पकडता तरी येतं.

त्यांची बाजूही सांगते, नाहीतर माझ्यावर एकांगीपणाचा शिक्का बसेल. माणसं कमी आहेत. एकेका अभियंत्याकडे दोन-दोन कामं. मार्चच्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली, निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामाला. मी स्वतः शिक्षिका म्हणून मतदान केंद्रांवर रात्री काढल्या आहेत, तेव्हा ते मी समजू शकते. शिवाय आमचे इंजिनियरही कमी नाहीत. मागच्या कामाचा नकाशा घेऊन नाव बदलून देतात, म्हणून तर बाण राहतो. पण एक सांगा, माणसं कमी असतील तर एकच फाइल चार वेळा नोंदवणं, चार पत्रं लिहिणं, चार वेळा ढिगात वरखाली करणं परवडतं कसं? काम कमी करायचं असेल तर एकदाच वाचा!

आणि हे मी नवीन काही मागत नाहीये. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यातच सांगितलंय की परवानगी नाकारताना सगळे आक्षेप शक्यतो पहिल्याच वेळी सांगावेत आणि पूर्तता करून आल्यावर नवे आक्षेप निघू नयेत हे पाहावं. मी ते पान छापून घेऊन गेले होते. साहेबांनी दोन शब्दांत मला गप्प केलं. एक, 'शक्यतो'. आणि दुसरा, 'नाकारताना'. "बाई, आम्ही नाकारलं कुठे? हे नुसतं त्रुटीपत्र आहे." व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि शेवटी एका क्रियाविशेषणाने मला हरवलं :)

आता यांच्याबद्दल. २ फेब्रुवारी २०२४ ची पहाट. त्या वेळी आमची फाइल दुसऱ्या आणि तिसऱ्या पत्राच्या मध्ये होती. मला न उठवता हे एकटेच पडवीच्या पायऱ्या उतरायला गेले. शेवटच्या पायरीवर डावा पाय अडकला. मनगटाचं हाड मोडलं, कपाळाला चार टाके. खोलीत भांडं ठेवायची सोय मी केली होती, पण त्यांना ते कधीच मान्य नव्हतं. "माणसासारखं जाऊन येतो" म्हणायचे. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा मुलगा फोनवर माझ्यावर चिडला. "आई, तुझ्या तत्त्वापायी बाबा पडले." मी काही बोलले नाही. काय बोलणार? ते खरंच होतं. गल्लीतला दिवाळीचा बांधकामवाला पायऱ्यांवरून पडला नव्हता.

हे मात्र हसले. एसटीत वाहतूक नियंत्रक होते ना, म्हणाले, "गाडी लेट असली तर आम्ही निदान फळ्यावर खडूने लिहायचो." आणि दुसऱ्या दिवशी, "तुझा नकाशा पास व्हायच्या आत मी पास होतो की काय!"

त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्याच कार्यालयात वेगळ्या विभागात आहे. पाया पडला आणि म्हणाला, "बाई, मला आधी का नाही सांगितलंत? आठ दिवसांत करून आणतो." तुम्हाला खरं सांगते, नंतर दोन वेळा फोन हातात घेतला होता. नाही केला. कारण ढिगातून माझी फाइल वर आली तर कोणाची तरी खाली जाणार, आणि ज्यांनी कुणाला शिकवलं नाही त्यांनी कुणाला फोन करायचा? बरोबर केलं की चूक, ते आजही ठरवता येत नाही. यांच्या मनगटाकडे बघितलं की चूक वाटतं.

पण यात एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. सरळ माणसाला इतकं थकवलं की चोरून बांधणाराच शहाणा ठरतो. वर सरकार त्यांना माफही करतं. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला, २०२१ मध्ये दुरुस्ती करून त्याची तारीख २०२० अखेरपर्यंत पुढे आणली. २०१७ मध्ये २०१५ अखेरपर्यंतची अनधिकृत बांधकामं दंड घेऊन नियमित करायची सोय केली. सगळीच झाली असं नाही, आणि गरिबांची घरं वाचली असतील तर चांगलंच आहे. पण ज्याने आधी विचारलं त्याच्यासाठी काय केलं? नियम मोडून आलेल्याला एक दंड आणि एक पावती. नियम पाळून आलेल्याला चार पत्रं.

तर माझ्या मागण्या तीन. फळ्यावर लिहाव्या तशा लिहिते.

१) त्रुटीपत्र एकच. सगळ्या टेबलांनी फाइल एकाच वेळी बघायची, आक्षेप क्रमांक घालून एकत्र लिहायचे, जिवाच्या धोक्याचे सगळ्यात वर. अर्ज ऑनलाइन आहे ना? मग एक फाइल चार जणांनी एकदम उघडायला अडचण कसली? नियमावलीतला तो 'शक्यतो' काढून टाका, आणि 'नाकारताना'च्या शेजारी 'त्रुटी कळवताना' हेही लिहा.

२) पूर्ततेनंतर नवा आक्षेप फक्त नव्या दुरुस्तीतून निघाला तरच. जुन्याच कागदात जे पहिल्या दिवशी दिसत होतं ते नंतर दिसलं, तर तो तपासणाऱ्याचा दोष. (अपवाद एकच, इमारतीच्या सुरक्षिततेचा. तो कधीही काढा, माझी तक्रार नाही.) आणि अर्जाच्या दिवशी चालू असलेला दाखला शेवटपर्यंत चालू धरा.

३) साठ दिवसांचं घड्याळ थांबवा, शून्यावर आणू नका. ५६ दिवस वापरले असतील तर आमची पूर्तता आल्यावर उरलेले चार. परीक्षेत मुलाने पुरवणी मागितली म्हणून आपण तीन तास पुन्हा मोजायला लागत नाही.

याला पैसा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. आणि तुम्ही आम्ही काय करायचं? अर्ज द्यायच्या आधी स्वतः नकाशा वाचायचा. इंजिनियरला विचारायचं : बाण आहे का, रंग बरोबर आहेत का, उतारा ताजा आहे का, भिंत फोडणार तर वर काय आहे. मागच्या गल्लीतल्या बाईंना मी हेच करायला लावलं. त्यांचा उतारा बघितला, तर तोही जुना निघाला! त्यांना सांगितलं, बाणाबरोबर नवा उतारा, घरावरचा दाखला, सगळं न मागताच देऊन या, आणि पोच घ्या. सोबत एक पत्र मी लिहून दिलंय : "आणखी त्रुटी असल्यास कृपया सर्व एकत्रितपणे कळवाव्यात." बघू काय होतं ते.

न्हाणीघराचं विचाराल तर ते झालं. २०२४ च्या नरक चतुर्दशीला, ३१ ऑक्टोबरला, यांनी त्यात पहिलं अभ्यंगस्नान केलं. उताराला दोन्हीकडे धरायला नळ्या आहेत. तुळई अगदी भक्कम आहे, वर खोली आहे हे विसरायला होतं. डावं मनगट मात्र अजून पूर्ण वळत नाही, उटणं मीच लावते.

तुमच्या गावी काय अनुभव आहे? कोणाला खरंच एकाच पत्रात सगळ्या त्रुटी मिळाल्या असतील तर त्या गावाचं नाव जरूर कळवा, मी त्यांना अभिनंदनाचं पत्र लिहीन. आणि लेखात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्याही कळवा. फक्त एक विनंती...

सगळ्या एकदम सांगा!